पेसमेकरचा खिसा कोरडा राहावा म्हणून

पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया तशी छोटी. भूल फक्त त्या जागेपुरती, वेळ साधारण तासाभराचा, आणि रुग्ण बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी. छाती उघडावी लागत नाही. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या दोन बोटं खाली, बहुधा डाव्या बाजूला, डॉक्टर चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथल्या शिरेतून एक किंवा दोन वायरी हृदयाच्या उजव्या कप्प्यांपर्यंत पोचवतात. मग त्वचेखालची चरबी आणि छातीचा मोठा स्नायू यांच्यामध्ये जागा करून तिथे पेसमेकरची चपटी डबी ठेवून टाके घालतात. त्या जागेला कॅथलॅबमध्ये सगळे ‘पॉकेट’ म्हणतात; आपण खिसा म्हणू. या खिशात रक्त साठू न देणं हा पेसमेकरच्या शस्त्रक्रियेतला सगळ्यात जास्त काळजीचा भाग आहे. माझं ठाम मत असं, की त्यातलं निम्म्याहून अधिक काम सुरी त्वचेला लागण्याआधीच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. ते काम म्हणजे रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे नीट पाहून प्रत्येक गोळीबद्दल वेगळा निर्णय घेणं.

रक्त का साठतं? त्वचेखाली जागा करताना असंख्य बारीक रक्तवाहिन्या तुटतात. साध्या जखमेला टाके घातले की दोन्ही बाजूंचं मांस एकमेकांना टेकतं आणि त्या दाबानंच झिरपणं थांबतं. इथे मध्ये डबी असते. तिच्या कडेनं थोडी पोकळी उरते आणि दाब सगळीकडे सारखा बसत नाही. रक्त गोठण्याची क्रिया औषधांनी मंदावलेली असेल, तर एखाद्या केसाएवढ्या वाहिनीतूनही कित्येक तास थेंब थेंब रक्त येत राहतं. टाके घालताना सगळं कोरडं असतं आणि रात्री तो भाग तट्ट फुगतो.

अडचण अशी, की ज्यांना पेसमेकर लागतो त्यांच्यापैकीच पुष्कळ जण रक्त पातळ करायची गोळी घेत असतात. बहुतेकांनी साठी-सत्तरी ओलांडलेली असते. हृदयाची विद्युतवहन यंत्रणा थकते त्याच वयात एट्रियल फिब्रिलेशनही होतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आत गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. ते टाळायला गोळी. कुणाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला असतो, कुणाची झडप बदललेली असते. त्यांच्याही वेगळ्या गोळ्या. गोळी चालू ठेवली तर खिशात रक्त साठेल आणि थांबवली तर मेंदूत गुठळी जाईल, या दोन भीतींच्या मधून डॉक्टरांना वाट काढायची असते.

इथे एक फरक घरच्यांनी ओळखायला शिकावा. शस्त्रक्रियेनंतर त्वचा काळी-निळी पडणं वेगळं आणि खिशात रक्ताची गाठ होणं वेगळं. काळा-निळा डाग त्वचेलगत पसरलेल्या रक्ताचा असतो. गुरुत्वाकर्षणानं तो खाली सरकतो. कधी काखेत, कधी दंडावर, बायकांच्या स्तनावर, कधी पार कोपरापर्यंत. आठवडाभरात तो हिरवट, मग पिवळा होतो आणि जातो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. रक्तगाठ झाली की डबीवरचा भाग फुगतो, हाताला घट्ट लागतो, दुखतो, त्वचा ताणून चकाकायला लागते आणि सूज तासागणिक वाढते. हिमॅटोमा म्हणतात तो हाच. अभ्यासांमध्ये ज्याला ‘लक्षणीय’ रक्तगाठ म्हणतात तिची व्याख्या व्यवहारी आहे: जिच्यामुळे रुग्णालयातला मुक्काम वाढला, रक्त पातळ करणारं औषध थांबवावं लागलं किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, ती.

एवढ्याशा गाठीचा इतका बाऊ कशाला, असं वाटेल. रक्त तर शरीर हळूहळू शोषून घेतंच. खरी भीती जंतुसंसर्गाची आहे. साठलेलं रक्त जंतूंचं आवडतं खाद्य. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला रक्त मिसळलेलं माध्यमच वापरतात. त्या गाठीत रक्ताभिसरण नसतं, म्हणून पांढऱ्या पेशी आणि अँटिबायोटिक तिथवर पोचत नाहीत. शेजारी धातूची डबी आणि वायरी असतात, त्यांच्यावर जंतू पातळ थर करून बसतात आणि मग कुठल्याही औषधाला दाद देत नाहीत. कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीतल्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून २०१६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत लक्षणीय रक्तगाठ झालेल्यांपैकी ११ टक्के लोकांना वर्षाच्या आत रुग्णालयात दाखल करावं लागेल असा संसर्ग झाला. ज्यांना गाठ झाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण दीड टक्का होतं. असा संसर्ग झाला की नुसती जखम धुऊन भागत नाही. डबी आणि वायरी सगळं काढावं लागतं, आणि काही वर्षांत शिरेच्या व हृदयाच्या भिंतीला चिकटलेली वायर सोडवून काढणं हे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जोखमीचं काम आहे.

हे संकट एकदाच येतं असंही नाही, कारण पेसमेकर बदलावा लागतो तेव्हा खिसा पुन्हा उघडतो. शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसवला. तो रून एल्मक्विस्ट या अभियंत्यानं बनवला होता. रुग्ण होते आर्ने लार्सन. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला, पण लार्सन जगले ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत, आणि तोवर त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. आजच्या बॅटऱ्या साधारण आठ ते बारा वर्षं चालतात, पण साठीत पेसमेकर बसलेल्या माणसाचा खिसा आयुष्यात दोन-तीनदा तरी उघडावा लागू शकतो. बॅटरी बदलताना संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो आणि रक्तगाठ काढण्यासाठी लगेच पुन्हा उघडावं लागलं तर तो आणखी वाढतो.

आता गोळ्यांकडे. वॉरफरीन आणि आपल्याकडे अधिक चालणारं त्याचं भावंड असेनोकुमॅरॉल या दोन्ही औषधांचं मूळ गुरांच्या गोठ्यात आहे. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी भागात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापणं, खच्चीकरण असं किरकोळ काम केलं तरी रक्त थांबेना. स्वीट क्लोव्हर नावाचं बुरशी लागलेलं गवत त्याला कारण आहे, हे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी शोधून काढलं. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून न गोठणारं रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. त्या गवतातलं द्रव्य वेगळं करायला लिंक यांच्या गटाला सहा वर्षं लागली. त्यावरून पुढे वॉरफरीन तयार झालं. ते १९४८ मध्ये आधी उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं.

हा इतिहास सांगण्याचं कारण त्या औषधाच्या संथपणात आहे. यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीनं रक्त गोठवणारे काही घटक बनवतं. वॉरफरीन ते नवे घटक बनू देत नाही. रक्तात आधीच असलेल्यांना हात लावत नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर परिणाम दिसायला दिवस लागतात आणि बंद केल्यावर तो ओसरायलाही चार-पाच दिवस जातात. मग वर्षानुवर्षं जगभरचे डॉक्टर असं करत: शस्त्रक्रियेच्या पाचेक दिवस आधी वॉरफरीन बंद, त्या काळात गुठळी होऊ नये म्हणून झटकन काम करणाऱ्या आणि झटकन उतरणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं, शस्त्रक्रियेपुरती तीही बंद, आणि नंतर वॉरफरीन पुन्हा लागू पडेपर्यंत हेपॅरिन चालू. याला ‘ब्रिजिंग’ म्हणतात. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं.

ते शहाणपणाचं नव्हतं. कॅनडातल्या ओटावाचे हृदयतज्ज्ञ डेव्हिड बर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रूझ कंट्रोल’ नावाच्या चाचणीत ६८१ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. सगळेच गुठळीचा धोका बऱ्यापैकी असलेले होते. एका गटाला जुन्या पद्धतीनं हेपॅरिनचं ब्रिजिंग, आणि दुसऱ्या गटात वॉरफरीन बंदच केलं नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) ३ किंवा त्याहून कमी असला की झालं. कृत्रिम झडप असलेल्या काहींना साडेतीनपर्यंत मुभा. २०१३ मध्ये निकाल आला. हेपॅरिन गटात १६ टक्के रुग्णांना लक्षणीय रक्तगाठ झाली. वॉरफरीन चालू असलेल्या गटात फक्त साडेतीन टक्के. पक्षाघातासारख्या घटना दोन्ही गटांत मोजक्याच होत्या, लक्षणीय फरक नव्हता. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली.

रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवून रक्तस्राव कमी कसा होतो? संशोधकांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं वाटतं. वॉरफरीन चालू असताना खिसा उघडला, की जी वाहिनी पुढे त्रास देणार असते ती डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच वाहते. ते तिला तिथेच जाळून किंवा बांधून बंद करतात. हेपॅरिनच्या पद्धतीत शस्त्रक्रिया होते तेव्हा औषधाचा अंमल उतरलेला असतो, सगळं कोरडं दिसतं, खिसा शिवला जातो. आणि दुसऱ्या दिवशी हेपॅरिन सुरू झालं की बंद खिशात, कुणाला न दिसता, रक्त यायला लागतं.

एवढं होऊनही ‘पोटात टोचायची इंजेक्शनं’ काही ठिकाणी सवयीनं दिली जातात. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात तर काही हेपॅरिनं शरीरात साठून राहतात आणि धोका वाढतो. ब्रिजिंग करू असं कुणी सुचवलं, तर त्याची गरज का आहे हे विचारण्याचा हक्क रुग्णाच्या घरच्यांना आहे, आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नावर रागावत नाही.

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबॅन, अपिक्सबॅन या नव्या गोळ्यांचं गणित वेगळं. त्या काही तासांत लागू पडतात आणि मूत्रपिंड ठीक असेल तर एक-दोन दिवसांत उतरतात, म्हणून ब्रिजिंगचा प्रश्नच येत नाही. त्याच कॅनेडियन गटानं २०१८ मध्ये दुसऱ्या चाचणीचा निकाल दिला. एका गटात नवी गोळी चालू ठेवली, दुसऱ्यात थोडा काळ थांबवून शस्त्रक्रियेनंतर किमान २४ तासांनी पुन्हा सुरू केली. रक्तगाठीचं प्रमाण दोन्हीकडे २.१ टक्के. म्हणजे दोन्ही मार्ग चालतात. कोणता घ्यायचा हे रुग्णाचं मूत्रपिंड, पक्षाघाताचा धोका आणि शस्त्रक्रियेची निकड पाहून ठरवायचं.

भारतात मात्र जुन्या गोळीवरचे रुग्ण अजून पुष्कळ आहेत आणि राहणार आहेत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेले लोक आपल्याकडे मोठ्या संख्येनं आहेत. धातूची किंवा तशी यांत्रिक झडप बसवली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत. २०१३ मध्ये डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे सोडून द्यावी लागली. संधिवाताच्या तापानं बिघडलेलं हृदय आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांतही रिव्हरॉक्सबॅनपेक्षा जुन्या जातीची औषधंच सरस ठरल्याचं २०२२ मध्ये दिसलं. या रुग्णांनी भीतीनं आपापली गोळी बंद करणं सगळ्यात घातक: झडपेवर गुठळी बसली तर प्राणावर बेततं. शस्त्रक्रिया ठरली म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्यानं आठवडाभर गोळी बंद करून दाखल होणारे लोक असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये, आणि दाखल होताना आधीचे दोन-तीन आयएनआरचे कागद बरोबर न्यावेत.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचं काम बिंबाणूंवर, म्हणजे प्लेटलेटवर चालतं. एकदा बधिर झालेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात सुधारत नाही, म्हणून परिणाम पुसायला नव्या प्लेटलेट तयार होण्याची वाट पाहावी लागते. एकटी अ‍ॅस्पिरिन फारशी आडवी येत नाही. दोन्ही एकत्र, किंवा यांतली एक आणि वर रक्त पातळ करणारी गोळी, हे मिश्रण खिशाला सर्वांत वाईट. पण स्टेंट ताजा असेल तर क्लोपिडोग्रेल थांबवणं म्हणजे हार्ट अटॅक ओढवून घेणं. अशा वेळी शस्त्रक्रियाच पुढे ढकलता येईल का, हा प्रश्न विचारायला हवा. हृदयाचे ठोके तिसाच्या घरात येऊन माणूस बेशुद्ध पडत असेल तर नाही. बॅटरी बदलायची असेल तर पुष्कळदा येते, कारण पेसमेकर बॅटरी संपण्याच्या साधारण तीन महिने आधी इशारा देतो. शिवाय कुणी सवयीनं, हृदयविकार नसताना, नुसती ‘असू दे’ म्हणून अ‍ॅस्पिरिन घेत असतो. ती निदान शस्त्रक्रियेपुरती तरी बंद करता येते.

म्हणून दाखल होताना गोळ्यांची सगळी पिशवीच न्यावी, तोंडी यादी सांगू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या नि लसणाच्या कॅप्सूल, वैद्यांचे काढे, सगळं. या दुखण्याच्या गोळ्यांना लोक ‘औषध’ मानत नाहीत, म्हणून सांगतही नाहीत, आणि रक्तस्राव वाढवण्यात त्या चांगल्याच पुढे असतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावं. डेंगीनं प्लेटलेट उतरलेल्या असू शकतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर काय घडतं ते रुग्णाच्या हातात नसतं, तरी थोडं माहीत असावं. वायर घालायला पूर्वी गळ्याच्या हाडामागच्या शिरेत अंदाजानं सुई घालत. शेजारीच मोठी धमनी असते. तिला सुई लागली तर हाडाआड असल्यामुळे बाहेरून दाबता येत नाही. आता काखेकडच्या शिरेत, अनेक ठिकाणी सोनोग्राफीवर बघत, सुई घालतात. किंवा खांद्याजवळची एक बारीक शीर डोळ्यांदेखत उघडी करून तिच्यातून वायर सोडतात आणि दोऱ्यानं बांधतात. खिसा नेमक्या थरात केला, स्नायू फाडला नाही, डबीला बसेल एवढाच ठेवला, तर रक्त कमी येतं. शिवण्याआधी खिसा धुऊन काही मिनिटं थांबून पाहणं, पुन्हा एखादी वाहिनी वाहते का ते शोधणं, हे संयमाचं काम आहे. माझ्या मते एखाद्या डॉक्टरचा हात किती चांगला हे त्या काही मिनिटांत कळतं.

नंतर दाब देणारी पट्टी, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत. रक्तदाब चढू न देणं. सूज आलीच तर तिच्या कडेनं पेननं रेघ मारून ठेवणं, म्हणजे ती वाढते की थांबली हे कुणालाही दिसतं. आणि एक गोष्ट मुळीच करायची नाही: सुई घालून रक्त ओढायचं नाही. गोठलेलं रक्त सुईतून येत नाही, पण त्वचेवरचे जंतू सुईबरोबर आत जातात. बहुतेक गाठी काही आठवड्यांत आपोआप विरतात. त्वचा ताणून पातळ पडली, टाके उसवायला लागले, वेदना सोसवेना किंवा गाठ वाढतच गेली, तरच शस्त्रक्रियागृहात नेऊन, नीट निर्जंतुक वातावरणात, ती उघडून साफ करतात.

रक्तस्रावाचा एक प्रकार खिशात नसतोच. वायरीचं टोक क्वचित हृदयाची पातळ भिंत भेदतं आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठून हृदय दाबलं जातं. पेसमेकर बसवल्यावर अचानक धाप, छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब उतरणं, न थांबणारी उचकी, यांतलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नये. ईकोत ते लगेच दिसतं. मांडीच्या शिरेतून थेट हृदयात सोडायचे वायरविरहित पेसमेकर २०१६ पासून अमेरिकेत मान्य आहेत आणि आता भारतातही बसवले जातात. त्यांना खिसा नसतो, म्हणून खिशातली गाठही नसते. पण हृदयाची भिंत भेदली जाण्याची थोडी शक्यता आणि मांडीच्या शिरेतून रक्त येण्याची शक्यता तिथेही उरते, आणि किंमत पुष्कळ जास्त आहे.

घरी आल्यावर त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, बादली-पिशवी उचलायची नाही. मात्र हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही. खांदा हलका हलवत ठेवला नाही तर तो आखडतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ करायची प्रत्येक गोळी कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळेपासून घ्यायची हे लिहून मागावं. ‘दोन दिवसांनी सुरू करा’ असं तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत कुणाला नीट आठवत नाही, आणि दोन गोळ्यांची जागा रिकामी राहते किंवा दुप्पट भरली जाते. वॉरफरीन किंवा असेनोकुमॅरॉलवरच्या रुग्णांना आणखी एक सांभाळायचं असतं. काही अँटिबायोटिकं या गोळ्यांचा परिणाम वाढवतात आणि आजारपणात जेवण कमी झालं, रोजची पालेभाजी बंद झाली तरीही आयएनआर चढतो. टाके अजून ओले असतानाच हे घडतं. म्हणून घरी आल्यावर चार-पाच दिवसांत डॉक्टरांना विचारून एकदा आयएनआर करून घ्यावा आणि टाके दाखवायला जाताना तो कागद सोबत न्यावा.